नऊ वर्षं वही, एक दिवस चौका



माझ्या स्वयंपाकघरातल्या फडताळात वरच्या कप्प्यात दोन वह्या आहेत. दोन्ही दोनशे पानी. चौका कसा लावायचा, हे मी त्यांत लिहून ठेवलंय. पाण्याची मर्यादा, पिठाची मर्यादा, दुधाची मर्यादा, नवधाभक्तीचा क्रम, काय चालतं, काय चालत नाही. लाल शाईत शंका आणि निळ्या शाईत उत्तरं. पहिलं पान २०१४ सालचं आहे. आणि आमच्या घरी माझ्या हातून पहिला चौका लागला तो २०२३ च्या चातुर्मासात.

मधली नऊ वर्षं मी काय करत होते? तर, "अभ्यास" करत होते.

आज त्या नऊ वर्षांबद्दलच लिहायचं आहे. कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला भेटल्यावर म्हणतात, "ताई, सामायिक सुरू करायचंय, पण आधी नीट माहिती काढते." "पापडाची ऑर्डर घ्यायची आहे, पण आधी सगळं बघते." माहिती काढणं वाईट नाही. आपला धर्म तर ज्ञानाचाच आहे. पण माहिती काढणं आणि काम टाळणं हे बाहेरून अगदी सारखं दिसतं, एवढंच मला सांगायचंय. दोन्हीत माणूस वही घेऊन बसलेला असतो.

आमचं गाव सांगलीकडचं, लहान. बस्तीपासून आमचं घर चालत पाच मिनिटांवर. माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो, त्यांनी आयुष्यभर चौका लावला. संघ आला की आक्का पहाटे चारला उठायच्या. सोवळ्याचं पातळ नेसून विहिरीचं पाणी आणायच्या, दुहेरी कापडातून गाळायच्या, आणि कापडातले जीव जपून परत त्याच विहिरीत सोडून यायच्या. जात्यावर दळण, दिवसाउजेडी धान्य निवडणं, भाजी एकेक पान उलटून बघणं. त्यांच्याकडे वही नव्हती. त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं.

२०१४ मध्ये त्यांचे गुडघे गेले. त्या म्हणाल्या, "आता तू लाव. मी बसून सांगते." मी म्हणाले, "आक्का, मला थोडं वाचू दे."

आणि मी वाचायला लागले. खरंच सांगते, सुरुवातीला गोडी होती. कळलं की गाळलेल्या पाण्याची मर्यादा अंतर्मुहूर्त, म्हणजे दोन घटकांच्या आतली, ४८ मिनिटांच्या आतली. लवंग वगैरे घालून त्याचा रंग-चव बदलली तर दोन प्रहर. उकळलं तर चोवीस तास. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. मग कळलं की मूलाचारात आहाराचे ४६ दोष सांगितलेत आणि ३२ अंतराय. ते वाचून माझ्या पोटात गोळाच आला. छेचाळीस ठिकाणी चुकायचं, आणि त्यावर बत्तीस!

मग मी विचारायला लागले. एक ताई म्हणाल्या असं, दुसऱ्या म्हणाल्या तसं. फोनवर व्हिडिओ बघितले, तर प्रत्येक प्रांताची पद्धत थोडी वेगळी. उत्तरेकडे एक, आपल्याकडे एक, कर्नाटकात आणखी एक. प्रत्येक वेगळेपणाची मी नोंद केली, आणि प्रत्येक नोंदीमागे एक नवी शंका. एक वही भरली. दुसरी आणली.

आक्का दर वर्षी विचारायच्या, "यंदा लावूया का गं?" मी म्हणायचे, "अजून एक-दोन गोष्टी पक्क्या करते." एकदा चिडून म्हणाल्या, "वही काय आहार देणार हाय व्हय महाराजांना?" मी हसले. मनातून मात्र मला वाटायचं, आक्कांचं सगळं अंदाजाचं काम, माझं बघा कसं शास्त्रशुद्ध होईल.

२०१९ पासून आक्कांची दृष्टी कमी होत गेली. काचबिंदू. २०२१ पर्यंत त्यांना माणसाची आकृती तेवढी दिसायची. आणि मैत्रिणींनो, त्या दिवसापासून माझ्या वह्यांचं मोल मला कळायला लागलं. कारण वहीत "धान्य नीट सोधून घ्यावे" असं लिहिलं होतं. "नीट" म्हणजे काय, ते आक्कांच्या डोळ्यांत होतं. ते डोळे शाबूत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारी सूप घेऊन बसले नाही. मी आतल्या खोलीत बसून सोधण्याबद्दल वाचत होते.

२०२३ मध्ये गावात चातुर्मास ठरला. संघ लहान होता. या वेळी आक्कांनी विचारलंच नाही. ते न विचारणं मला फार लागलं. मी त्याच रात्री यजमानांना म्हटलं, "उद्यापासून चौका लावायचा."

पहिले तीन दिवस कोणीच आलं नाही. आम्ही दोघं कलश आणि श्रीफळ घेऊन दारात उभे. महाराज उजव्या खांद्यावर मुद्रा धरून गल्लीतून येत, आमचं "नमोस्तु, अत्र तिष्ठ" सुरू होई, आणि ते पुढे जात. त्यांचा विधी जुळत नव्हता. केलेला स्वयंपाक आम्ही जेवलो. चौथ्या दिवशी महाराज थांबले. तीन प्रदक्षिणा, मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे, असं म्हणताना माझा आवाज फुटेना. उच्चासन, पादप्रक्षालन, पूजन, सगळं वहीतल्या क्रमानं झालं. महाराज उभे राहिले, ओंजळ पुढे केली. थोडं पाणी झालं. चार-पाच घास झाले. आणि सहाव्या घासाला ओंजळीत केस.

महाराजांनी ओंजळ सोडली आणि खाली बसले. अंतराय.

ज्या बहिणी चौका लावतात त्यांना पुढचं सांगायला नको. दुसऱ्या कुणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी सांगते. आपले मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. अंतराय झाला की त्या दिवशी पुढे अन्न नाही, पाणीही नाही. थेट दुसऱ्या दिवशी. ते शांतपणे हात धुवून निघून गेले. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी मात्र चुलीपाशी बसून रडले. नऊ वर्षं अभ्यास केला, आणि सहाव्या घासाला उपाशी पाठवलं.

दुपारी मी बस्तीत गेले. प्रायश्चित्त मागितलं. महाराजांनी एक जाप्य सांगितलं आणि एक दिवस एका रसाचा त्याग. मग म्हणाले, "अंतराय माझ्या लाभांतराय कर्माचा. तुम्ही तुमची चूक शोधा. आणि उद्या चौका बंद ठेवू नका."

"चूक शोधा" हे दोन शब्द घेऊन मी घरी आले. माझे केस बांधून वर कापड घट्ट होतं. यजमानांचं डोकंही झाकलेलं. मग केस आला कुठून? आक्का जोत्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "चौक्याची कापडं कुठं वाळत घातलीस?" मी म्हणाले, "मागच्या दोरीवर." "आणि पोरींचे टॉवेल?" त्याच दोरीवर. वाऱ्यानं टॉवेल कापडांवर आपटत होते. मी भाकरी ज्या कापडात गुंडाळली होती, ते उजेडाकडे धरून बघितलं. त्यात आणखी एक केस होता.

चारशे पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं की चौक्याच्या कापडांची दोरी वेगळी हवी. आक्कांनी ते कधी सांगितलं नाही, कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. त्यांची दोरी वरच्या गच्चीवर होती, चाळीस वर्षं. मी ती दोरी रोज बघत होते. ती का आहे हे विचारायला मला अंतराय व्हावा लागला.

दुसऱ्या दिवशी चौका लावला. पुढे चार महिन्यांत आमच्याकडे अकरा आहार झाले. अंतराय आणखी एक झाला. बाकी चुका मोजत नाही. पाणी जास्त गरम दिलं, मग मनगटावर थेंब टाकून बघायला शिकले. ओंजळीत भराभर वाढलं, मग बोटांच्या खुणेकडे बघायला शिकले. एकदा दळण चौथ्या दिवसावर गेलं, पावसाळ्यात, सगळं पीठ घरात वापरायला काढून पुन्हा दळलं. प्रत्येक चूक एकदाच झाली. वाचलेलं मी शंभर वेळा विसरले होते, चुकलेलं एकदाही विसरले नाही.

आता कुणी म्हणेल, "चूक तुझी, उपवास महाराजांना. हे कसलं शिकणं?" हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ रात्री विचारला. उत्तर सोपं नाही, पण आहे. मी वाचलं ते चुकीचं नव्हतं. मर्यादा माहीत नसताना चौका लावणं म्हणजे धाडस नव्हे, हयगय. पण तेवढं ज्ञान मला पहिल्या वर्षीच झालं होतं, पहिल्या तीस पानांत. पुढची पानं भीतीची होती. आणि खरं करायला हवं होतं ते असं: शेजारच्या काकूंच्या चौक्यात आठ दिवस हाताखाली उभं राहायचं. तिथे माझी चूक काकूंनी पकडली असती, आणि महाराजांपर्यंत पोहोचली नसती. त्यांच्या गच्चीवर जाऊन कापडं मीच आणली असती, आणि दोरी मला आपोआप कळली असती. म्हणजे जादा वाचण्यानं महाराजांचा उपवास टळला नाही. लवकर हात घातला असता तर टळला असता.

आणि भीती कसली होती, तेही मान्य करते. जीवहिंसेची थोडी होती. जास्त होती ती "अमक्यांच्या घरी अंतराय झाला" या बोलण्याची. म्हणजे नऊ वर्षं मी ज्याला सावधपणा म्हणत होते, तो बराचसा मान कषाय होता. चुकणारी बाई दिसायला नको होतं मला.

आपल्या शास्त्रांनी माणूस चुकणार हे धरूनच व्रतं सांगितली आहेत. तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण दशलक्षणात ऐकतो. उमास्वामींनी प्रत्येक व्रताबरोबर त्याचे पाच पाच अतिचार सांगितले. व्रत सांगितलं आणि लगेच, ते कुठे घसरतं हेही सांगितलं. नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार, आलोचनेपासून. जो चुकणारच नाही त्याला आलोचना कशाला? श्रावकाच्या बारा व्रतांतली शेवटची चार शिक्षाव्रतं आहेत, म्हणजे सरावाची व्रतं, आणि पात्राला आहार देणं हे अतिथिसंविभाग व्रत त्यांतच येतं. सरावाचं व्रत सराव न करता पक्कं करायला निघाले होते मी!

त्या व्रताचे पाच अतिचार बघा. सचित्त वस्तूवर आहार ठेवणं, सचित्त वस्तूनं झाकणं, परव्यपदेश, मात्सर्य आणि कालातिक्रम. पहिले दोन माझ्या वहीत लाल अधोरेखित होते. परव्यपदेश म्हणजे दुसऱ्यावर ढकलणं. मी नऊ वर्षं शेजारच्या चौक्यात तूप आणि फळं पाठवून समाधान मानत होते. कालातिक्रम म्हणजे आहाराची वेळ टळू देणं. शास्त्रात ते त्या दिवसाच्या वेळेबद्दल आहे, मला माहीत आहे. पण मी वाचते तेव्हा मला माझी नऊ वर्षं दिसतात. अतिचार टाळायला बसले आणि अतिचारातच बसून राहिले.

आदिनाथ भगवंतांची कथा आपण दर अक्षय तृतीयेला ऐकतो. दीक्षेनंतर वर्षाहून अधिक काळ त्यांना आहार मिळाला नाही, कारण द्यायचा कसा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लोकांनी रत्नं आणली, हत्ती-घोडे आणले, वस्त्रं आणली. हस्तिनापुरात श्रेयांस राजाला पूर्वभव आठवला आणि त्यानं इक्षुरसाचा आहार दिला. इतकी वर्षं ही कथा मी "ज्ञान नव्हतं म्हणून अडलं" अशी ऐकत होते. आता तिच्यातला एक बारकावा डोळ्यांपुढून हलत नाही. श्रेयांसाला आठवलं ते काय? आदिपुराणात सांगितलंय की एका भवात तो श्रीमती नावाची राणी होता, आणि वज्रजंघ राजाबरोबर तिनं मुनींना आहार दिला होता. म्हणजे त्याला ऐकलेलं किंवा वाचलेलं आठवलं नाही. हातानं केलेलं आठवलं. एका बाईच्या हातानं केलेलं. पुढच्या जन्मापर्यंत तेवढंच टिकलं.

आपल्या आज्या-पणज्यांचंही तसंच. चारित्र चक्रवर्ती शांतिसागर महाराज आपल्याच भागातले, बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे. त्यांनी १९२० मध्ये मुनिदीक्षा घेतली तेव्हा मुनिचर्या फार विरळ झाली होती. आधी ठरवलेल्या घरी आहार घ्यायची रीत त्यांनी नाकारली आणि शास्त्रात सांगितल्याप्रमाणे चर्या धरली. मग गावोगावच्या श्रावक-श्राविकांना पडगाहन शिकावं लागलं. त्या बायकांपुढे व्हिडिओ नव्हते, ग्रंथही सगळ्यांना वाचता येत नव्हते. चुकत चुकत त्या शिकल्या, म्हणून आज आपल्याकडे विचारायला कुणीतरी आहे.

हे फक्त चौक्याचं नाही. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यांचं पुढे लिज्जत झालं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसात पापड कसे वाळवायचे हे ठरवून मग सुरू करू म्हणाल्या असत्या, तर ते ऐंशी रुपये आधी परत गेले असते.

सगळीकडे उडी घ्या असं मी म्हणत नाही. माझी आता तीन प्रश्नांची सवय झाली आहे. माझी चूक कुणाच्या जिवावर बेतेल का? ती उद्या दुरुस्त करता येईल का? आणि हे केलेलं कुणी माझ्या जवळ आहे का? मधुमेह असताना अठाई करायची असेल, घराची कागदपत्रं गहाण ठेवायची असतील, औषधं बदलायची असतील, तर पहिल्याच प्रश्नाला थांबा, जाणत्याला विचारा. पण सामायिकाला बसायचंय? आज बसा. मन भटकेल. मन, वचन, काया भलतीकडे जाणं, अनादर आणि विसरणं हे सामायिकाचे अतिचार सूत्रातच दिलेत, म्हणजे तुमच्या आधी पुष्कळांचं भटकलंय. स्कूटर शिकायचीय, बँकेचा व्यवहार स्वतः करायचाय, दहा जणींपुढे स्वाध्यायात वाचायचंय? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आहे" असेल, तर पुढची माहिती त्या व्यक्तीच्या शेजारी उभं राहून घ्या. ती व्यक्ती कायम असणार नाही. तिचे डोळे तर नाहीच नाही.

आक्का आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. चौका लागतो तेव्हा त्या जोत्यावर बसतात. निवडलेले तांदूळ मी त्यांच्यापुढे ठेवते. त्या बोटांनी चाळतात आणि कधी कधी एखादा खडा बाजूला काढतात, जो माझ्या चष्म्यातून सुटलेला असतो. तेव्हा मी काही बोलत नाही. त्यांच्या बोटांकडे बघत बसते. ते मला २०१४ मध्येच करायचं होतं.

दुसऱ्या वहीची शेवटची पानं कोरी होती. त्यांवर मी आता चुका लिहिते. तारीख, काय चुकलं, कशामुळे, आणि पुढे काय केलं. पहिली नोंद दोरीची आहे. गेल्या महिन्यात नवी सूनबाई आली. मी मोठ्या हौसेनं दोन्ही वह्या तिच्या हातात दिल्या. तिनं त्या चाळल्या आणि फडताळावर ठेवून म्हणाली, "आई, या नंतर वाचते. आधी जात्यावर बसू द्या."

मी जात्याचा खुंटा ठोकून दिला. पहिलं पीठ जाडंभरडं निघालं. पोरीनं स्वतःच चिमटीत धरून बघितलं, आणि पुन्हा जात्यात घातलं.

या लेखात शास्त्राच्या दृष्टीनं काही उणं-अधिक लिहिलं गेलं असेल, तर जाणकार बहिणींनी दुरुस्त करावं. उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.